ब्रेक सोडला

विश्रांतवाडी, पुणे
४ जून २००६

ती. बद्रीमामांस,
मच्छिंद्रचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारी निरोप ठेवला की भलताच पोचतो. मागे आमची नम्रता पास झाल्याचं कळवलं, तर तिथं "नम्रताचं जमलं" असं पोचलं आणि तुम्ही पातळ पाठवलंत. ते द्वारका नेसते. म्हणून पत्रच बरं.

१ तारखेपासून कंपनीनं कामावरून ब्रेक दिला आहे. माझा हा विसावा. आजवर पाळीपाळीनं द्यायचे, चार इकडचे, चार तिकडचे. या वेळी मौजवनातल्या एकसष्ट जणांना एकाच दिवशी दिला. पाण्याच्या घसरगुंडीवरचे, टॉयट्रेनचे, कँटीनचे, सगळे. आकाशपाळण्यावर मी एकटाच होतो, तर मी. आत दहा-बारा माणसं ठेवली आहेत.

मे महिना तसाच गेला. तुम्ही रांग कडुलिंबापर्यंत आली की म्हणायचात, "आता धंदा झाला." या मे महिन्यात रांग कडुलिंबापर्यंत एकदाही आली नाही. कंप्युटरच्या ऑफिसातली माणसं पूर्वी बसगाड्या भरून यायची. आता ती डोंगरावरच्या रिसॉर्टला जातात आणि तिथं दोरीला लटकतात म्हणे. शाळेच्या सहली येतात, पण मुलं अर्ध्या फेरीत कंटाळतात. एक मुलगा पाळण्यात बसता बसता विचारत होता, "अंकल, याला लेव्हल किती आहेत?" म्हटलं, "दोनच. वर आणि खाली." तो उतरून आईकडं गेला.

दर ब्रेकला मी तुमच्याकडे येतो. या वेळी जमेलसं वाटत नाही. घरात पंख्याचं काम काढलं आहे.

बाकी ठीक. खाली ग्रीसचा अंगठा उमटला आहे. पत्र जेवणाच्या सुट्टीत सुरू केलं होतं, ३१ तारखेला. नंतर घरी पुरं केलं.

आपला,
मच्छिंद्र


रिसोड
१३ जून २००६

चि. मच्छिंद्रास अनेक आशीर्वाद, आणि चोवीसही पाळण्यांना वेगळे.

अरे, ब्रेकचं मला शिकवतोस? सात महिने झाले की आठ दिवस घरी बसवायचं, म्हणजे कागदावर माणूस पुन्हा नवा कोरा. बारा वर्षं झाली, कागदावर तुझं वय अजून सात महिन्यांच्या वर गेलेलं नाही! बाळसं तेवढं धर.

एकसष्टांना एकदम दिला म्हणून घाबरलास होय? बाप्पा, पावसाळा तोंडावर आला. पावसात पाळण्यात कोण बसतं, बेडूक? जुलैत हजेरीचं नवं कार्ड हातात देतील. आणि आपल्या धंद्यात ब्रेक म्हणजे काय ते विसरलास? ब्रेक लागल्याशिवाय खालचा उतरत नाही आणि नवा बसत नाही. ब्रेक लागला म्हणून कोणी पाळणा मोडून खात नाही.

पंख्याचं काम तू काढलंस? ज्या माणसाला चाळीस हात उंचीवर चढून बोल्ट आवळता येतो, त्याला घरातल्या पंख्याला आठ दिवस लागतात? द्वारकेला विचार, खरं काय ते मला कळव. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

तुझ्या मामीच्या माघारी घरात दोन ताटं मांडायचा प्रसंग तुझ्या ब्रेकलाच येतो. म्हणून म्हटलं.

तुझा,
बद्रीनाथ मामा


विश्रांतवाडी
९ जुलै २००६

ती. मामांस,
नमस्कार.

तुमचं बरोबर निघालं. कार्ड मिळालं. सोमवारपासून हजर झालो. पाळणा ठीक चालतो आहे. गर्दी पावसामुळे कमी. बेअरिंगला ग्रीस भरलं. सात आणि एकोणीस नंबरच्या पाळण्यांची फळी बदलली.

द्वारका बरी आहे. नम्रता बारावीला आहे. पंखा लागला.

आपला,
मच्छिंद्र


रिसोड
१७ जुलै २००६

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

वाचून बरं वाटलं. मारुतीला तेल घालून आलो. मारुतीलाही म्हटलं, बेअरिंग समज.

पण एक सांग. तुझं हे पत्र फार स्वच्छ आहे रे. बारा वर्षांत तुझं एक पत्र बिनडागाचं आलेलं नाही. कधी अंगठा, कधी अख्खा पंजा. मामी म्हणायची, मच्छिंद्रची सही खाली नसते, कडेला असते. आता हात धुऊन लिहायला लागलास? सुपरवायझर-बिपरवायझर केलं की काय? असेल तर लपवू नको, मी काही पेढे मागत नाही. मागतो, पण अर्धा किलोच.

सात आणि एकोणीसची फळी बदललीस हे छान. समोरासमोरची जोडी आहे, वजन सारखं राहील. शिकवलेलं डोक्यात आहे म्हणायचं.

काल बसल्या बसल्या आठवलं. ब्याण्णव साली पाळणा ट्रकमधून सुटासुटा आला, तेव्हा साहेब लोक नकाशा उलटा धरून उभे होते. मी जत्रेतला लाकडी पाळणेवाला, शाळा चौथी. म्हटलं, साहेब, कागद ठेवा खिशात, चाक ते चाक. उभा करून दिला. त्याच्या ब्रेकचं अस्तर दर महिन्याला झिजायचं, तर बाभळीचा गुटका, लाकडाचा ठोकळाच, तासून बसवला. तो आजतागायत आहे. दर पावसाळ्यात त्याला गोडं तेल पाजायचं, विसरू नको.

आणि फेरी सुटण्याआधी ओरडतोस ना? "ब्रेक सोडलाऽऽ!" वरच्या माणसाला कळलं पाहिजे की आता धरून बसायचं. न सांगता सोडणारा माणूस पाळणेवाला नाही, खाटीक.

मी कामावरून सुटताना तुझा हात त्या दांड्यावर ठेवला होता. तू म्हणाला होतास, "मामा, तुमचा ब्रेक दुसऱ्याच्या हातात जाऊ देणार नाही." त्या शब्दावर मी इथं निवांत झोपतो.

तुझा,
मामा


विश्रांतवाडी
१८ ऑगस्ट २००६

ती. मामांस,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला. मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. कार्ड मिळालं नाही. कोणालाच मिळालं नाही. फळीही बदलली नाही. बदलायची होती, ते माहीत होतं, म्हणून लिहिलं.

आता अडीच महिने झाले. आधी आम्ही सगळे रोज गेटवर जायचो. मग एक दिवसाआड. गेटवर गेनबा आहे, ज्याच्या जोंधळ्याच्या रानावर मौजवन उभं राहिलं तो. त्याला ठेवलं आहे, कारण विकताना तसं लिहून घेतलं होतं. तो म्हणतो, "मच्छिंद्रा, हितं उभा राहून काय पिकतंय? घरी जा." मी घरी येतो.

मला वाईट वगैरे वाटत नाही. सकाळी आठला उठून तयार होतो. मग काय करायचं ते आठवत नाही.

विचारायचं ते असं. नगर रस्त्याला नवा मॉल झाला आहे. त्यात सरकता जिना आहे. बायकांचे पदर, लहान मुलांचे पाय, म्हातारी माणसं घाबरतात, म्हणून जिन्याशी माणूस उभा करायचा आहे. लाल बटण असतं, काही झालं की दाबायचं. ठेकेदारानं मशीनवर काम केलेला माणूस मागितला, माझं नाव कोणीतरी दिलं. १ सप्टेंबरच्या आत हो म्हणायचं आहे.

पण कंपनीचंही सर्क्युलर आलं आहे. रविवारी ३ तारखेला ब्रेकवरच्या सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं आहे. "मौजवन परिवार दिन. घरच्या कपड्यांत यावे. सर्व खेळ मोफत." सगळे म्हणतात की परत घेणार, नाहीतर बायकापोरांसकट कशाला बोलावतील. कँटीनच्या सुशीलाबाईंनी तर उपास धरला आहे.

मॉलला हो म्हटलं तर रविवारी कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही सांगाल तसं करीन. मी शब्द दिला आहे.

मच्छिंद्र


रिसोड
२४ ऑगस्ट २००६

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

खोटं लिहिलंस त्याचं नंतर बघू. कान मोठे होतील इतके ओढीन. आधी हे ऐक.

अजिबात हो म्हणू नको. मॉल म्हणजे काय रे? थंड हवेत मांडलेला बाजार. जिन्याशी उभं राहून बायकांचे पदर सांभाळायचे? जिना हा चढायचा असतो, तो आपणहून सरकायला लागला म्हणजे माणसानं काय करायचं? आणि तू बारा वर्षांचा पाळणेवाला, बटणवाला होणार?

कंपनीनं कुटुंबासकट बोलावलं, याचा अर्थ तुला कळत नसेल तर मी सांगतो. ज्याला काढायचं असतं त्याला एकट्याला खोलीत बोलावतात. बायकापोरांना पानावर बसवून कोणी उठवत नाही. लिहून ठेव, रविवारी कार्डं वाटणार.

आणि घरच्या कपड्यांत म्हणे! मांडवात नवरदेव लुंगीवर जातो का? खाकी ड्रेस कडक इस्त्री कर, खिशावर बिल्ला लाव. नारळ घेऊन जा. तीन महिने माणसाचा हात लागलेला नाही, पाळण्याला पहिला मान दे. नारळ वाढव, गुटक्याला तेल लाव, रिकामी फेरी सोड, मग माणसं बसव. साहेबाला दिसू दे की आपला माणूस कामाला आलाय, फुकट खेळायला नाही.

सोमवारी लगेच कळव. पत्र मुद्दाम मळकं पाठव. मी वाट बघतो.

तुझा,
मामा


विश्रांतवाडी
६ सप्टेंबर २००६

ती. मामांस,
नमस्कार.

रविवार झाला. सगळे गेलो होतो. पाळणा सुरू होता. नारळ परत आणला.

कार्डाचं काही बोलले नाहीत. पुढे बघू.

मच्छिंद्र


विश्रांतवाडी
१० सप्टेंबर २००६

प्रिय बद्री आजोबा,
नम्रताचा नमस्कार.

मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय, चूकभूल माफ करा. बाबांना माहीत नाही. त्यांचं पत्र टाकायला मीच गेले होते आणि मी ते वाचलं. सॉरी. चार ओळी होत्या. त्या खऱ्या होत्या, पण तसं झालं नव्हतं.

बाबांनी शनिवारी स्वतः ड्रेसला इस्त्री केली. आईनं विचारलं, "अहो, घरचे कपडे म्हणालेत ना?" तर म्हणाले, "मामांनी सांगितलंय." विषय संपला. गेटवर बाकीचे सगळे रंगीत शर्टात आणि बाबा एकटे खाकीत, हातात नारळाची पिशवी. गेनबांनी अडवलं. म्हणाले, "मच्छिंद्रा, ड्रेसवर कुणाला आत घ्यायचं न्हाई, वरनं आर्डर हाय." बाबा म्हणाले, "गेनबा, मी पाळण्याला चाललोय." गेनबांनी दुसरीकडे बघितलं आणि आम्ही आत गेलो.

आत दत्तप्रसाद सर भेटले, ते नवीन मॅनेजर. तिशीचे असतील. म्हणाले, "मच्छिंद्र, युनिफॉर्म का घातलास? सर्क्युलर वाचता येत नाही?" बाबा म्हणाले, "साहेब, पाळण्याला नारळ वाढवायचा होता." सर म्हणाले, "आज नारळ-बिरळ काही नाही. आज तू पब्लिक आहेस. पब्लिक! फॅमिलीला घेऊन एन्जॉय कर." आणि बाबांना एक पिवळा टी-शर्ट दिला. बाबांनी तो शर्टावरूनच घातला. बिल्ल्याचा उंचवटा दिसत होता.

मग सगळ्यांना समजावलं. एका जागी बसायचं नाही, फिरत राहायचं. आवाज करायचा. पाळण्याच्या रांगेतून उतरलं की परत रांगेत लागायचं, रांग तुटली नाही पाहिजे. गणपतीत सगळं पुणं देखावे बघायला पेठांत असतं ना, आमच्या वर्गातल्या मुली नारायण पेठेत जाणार होत्या, म्हणून त्या दिवशी खरी तिकीटवाली माणसं हाताच्या बोटांवर होती. आणि ऑफिसच्या गच्चीवर पाच-सहा जण नकाशा पसरून उभे होते. मौजवन घ्यायला आलेले. आम्ही त्यांना गर्दी म्हणून दाखवत होतो, आजोबा. मला हे अकरा वाजता कळलं. आईला दुपारी. बाबांना कधी कळलं ते मला सांगता येत नाही.

सुशीलाबाईंनी उपास सोडला नव्हता. कार्ड हातात पडल्यावर सोडणार होत्या.

पाळणा घसरगुंडीवरचे एक काका चालवत होते. ते एका बाजूनं भरत सुटले. चाक झोकांडायला लागलं तसं बाबा रांगेतूनच ओरडले, "सात भरला की एकोणीस भर! समोरासमोर!" ते काका घाबरून म्हणाले, "मच्छिंद्रदा, तुम्हीच या की." तर गच्चीवरून दत्तप्रसाद सरांची शिट्टी. पब्लिकनं मशीनला हात लावायचा नाही. मग बाबांनी काय केलं, मला आणि आईला सातमध्ये बसवलं आणि स्वतः जाऊन एकोणीसमध्ये बसले. तोल राहावा म्हणून. प्रत्येक फेरीला तसंच. आम्ही वर असलो की बाबा खाली, आणि बाबा वर असले की आम्ही खाली. चौदा वेळा बसलो. बाबा बाहेर बघतच नव्हते. मान तिरकी करून आसाचा आवाज ऐकत होते. मी खाली उतरल्यावर विचारलं तर म्हणाले, "कोरडा आहे."

एकदा आम्ही वर होतो तेव्हा गच्चीवरच्या एका माणसानं आमच्याकडे बघून हात हलवला. आईनं पण हलवला.

संध्याकाळी वेफर्सचं पाकीट देऊन थँक्यू म्हणाले. मंगळवारी गेटला नोटीस लागली, मौजवन बंद. जागा विकली. ऑफिसांच्या बिल्डिंगी होणार आहेत. गेनबा म्हणाले, "माझ्या रानात जोंधळा हुता तवा चिमण्या तरी यायच्या."

नारळ आईनं फोडला, ठेवून काय करणार. बाबांनी चटणी खाल्ली. कसली ते विचारलं नाही. ते हल्ली काहीच विचारत नाहीत. सकाळी आठला खाकी घालतात आणि पलंगाच्या कडेला बसतात. रडत नाहीत, चिडत नाहीत. मी चिडले तरी चिडत नाहीत.

मॉलमध्ये १ तारखेला दुसरा माणूस लागला. तुम्ही थांब म्हणालात म्हणून बाबा थांबले. मी तुम्हाला बोलत नाहीये. पण बोलतेय असं वाटलं तर ते पण चालेल. ते ठेकेदार म्हणालेत की दिवाळीनंतर अजून एक जिना सुरू होणार आहे. आई म्हणाली, "अहो, नाव तरी देऊन ठेवा." तर बाबा म्हणतात, "मी मामांना शब्द दिलाय." आजोबा, पाळणाच राहणार नाही, मग शब्द कशावर ठेवायचा?

दिलेला शब्द परत देता येतो का, मला माहीत नाही. येत असेल तर द्याल का?

तुमची,
नम्रता


रिसोड
१९ सप्टेंबर २००६

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

नम्रताचं पत्र आलं. तिला रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. घरात खरं लिहिणारं एक माणूस निघालं, ते तुझ्यावर नाही गेलं, माझ्यावर तर मुळीच नाही.

चार दिवस लिहायला बसतो आणि उठतो. आज लिहितोच.

चूक माझी आहे. मी जन्मभर ब्रेकवर हात ठेवला आणि मला ब्रेक ओळखता आला नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच एकसष्ट हा आकडा डोळ्यासमोर होता. मी पावसाळ्यावर ढकलला. स्वच्छ पत्र आलं, मी पेढे मागितले. सहकुटुंब बोलावलं, मी तुला नवरदेव करून पाठवलं. पोरा, तुला मी खाकी घालून लोकांच्या हसण्यात उभं केलं. तू तेव्हाही एकोणीसमध्ये जाऊन बसलास. ते वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

आता माझं एक ऐक. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलं नव्हतं.

आमचा लाकडी पाळणा होता ना, जत्रेतला, चार पाळण्यांचा, हातानं ओढायचा. वडिलांनी जाताना माझ्याकडून वचन घेतलं होतं की हा पाळणा बद्रीच्या दारातून जाणार नाही. मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो की तो पुरात गेला. पुरात नाही गेला. ब्याण्णव साली पुण्याहून बोलावणं आलं, लोखंडी पाळणा, चोवीस खुर्च्या, वीज. मी लाकडी पाळणा एका लग्नघराला जळणाला दिला. त्याच्यावर बुंदी पाडली. मीही जेवलो. बुंदी चांगली झाली होती. मला तेव्हा काही वाटलं नाही, तुझ्यासारखंच. वाटलं ते पुढे तीन वर्षांनी, एका जत्रेत, उगीचच, उसाचा रस पिताना.

तर ज्यानं स्वतःच्या बापाचा शब्द चुलीत घातला, त्यानं तुझा शब्द तिजोरीत ठेवून घ्यावा, हा काही न्याय नाही. लोकांना जे हवं असतं ते बदलतं. माझ्या लाकडी पाळण्याची रांग तुझ्या लोखंडी पाळण्यानं पळवली, ती आता सरकत्या जिन्यानं पळवली. त्या जिन्यावर चढायलाच लोक जात असतील ना? मग तो पाळणाच आहे, फक्त आडवातिडवा पसरलेला.

बारा वर्षं तुला एकच गोष्ट शिकवली, ब्रेक धर. दुसरं अर्धं आज सांगतो. धरलेला ब्रेक सोडायचा असतो. न सोडला तर वरचा माणूस वरच राहतो. तू वर अडकलायस, बाळा, आणि दांडा माझ्या हातात राहिलाय. म्हणून ओरडून सांगतो, नीट धरून बस. ब्रेक सोडला!

मॉलमध्ये नाव देऊन ये. उद्याच.

आणखी एक. आज ना उद्या पाळणा उतरवतील. भंगारवाले एका बाजूनं सुटे करत सुटतात. तुला बोलावलं तर जा. एक काढला की त्याच्या समोरचा काढायचा. दोननंतर चौदा, तीननंतर पंधरा. एक आणि तेरा शेवटी. प्रत्येक जोडीला ब्रेक पक्का. नाहीतर चाक फिरून माणूस मारील. तो मोडीत जायचाय, पण जाताना त्याच्या नावावर कोणाचा हात-पाय नको.

तुझा,
मामा


विश्रांतवाडी
२६ नोव्हेंबर २००६

ती. मामांस,
मच्छिंद्रचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळाल्याला दोन महिने झाले. उत्तर द्यायला काही नव्हतं, म्हणून दिलं नाही. मॉलमध्ये नाव दुसऱ्याच दिवशी दिलं.

मागच्या आठवड्यात गेनबा घरी आला. पोपटशेठ म्हणून भंगारवाला आहे, त्याच्या माणसांनी एका बाजूचे चार पाळणे काढले आणि चाक गरकन फिरलं. कोणाला लागलं नाही. शिडी चेपली. गेनबानं त्यांना सांगितलं, "आता कुणी शिवू नका, त्येचा मानूस हाय विश्रांतवाडीत." मी गेलो. खाकी घालूनच गेलो. कोणी अडवलं नाही.

सहा दिवस लागले. तुमचं पत्र खिशात होतं, पण काढावं लागलं नाही. आधी त्या चारांच्या समोरचे चार उतरवून तोल केला, मग जोड्या. पोपटशेठ म्हणाला, "काय मास्तर, भंगारच करायचंय, एवढं नाजूक कशाला?" मी म्हटलं, "तुमची माणसं खाली उभी आहेत." तो मग खुर्ची घेऊन लांब बसला.

कडुलिंब तोडला आहे. पाळण्यावरून आता विमानतळापर्यंत सगळं दिसतं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. तुम्ही विचारलंत तर सांगता यावं म्हणून. तसं विशेष काही नाही. काचेच्या इमारती आहेत, त्यांत दिवसासुद्धा दिवे असतात.

शेवटी एक आणि तेरा राहिले. दुपारची वेळ होती. त्यांची माणसं जेवायला बसली होती. गुटक्याला तेल लावलं आणि एक रिकामी फेरी सोडली. वीज तोडली होती, हातानंच ढकललं. तोल बरोबर होता, तेवढ्यानं गेलं. सोडताना सवयीनं ओरडलो, "ब्रेक सोडलाऽऽ!" वर कोणी नव्हतं. जेवणारी माणसं जेवायची थांबली.

पूर्ण फेरी झाली. जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबलं.

बाभळीचा गुटका मी काढून घेतला. पोपटशेठ म्हणाला, लाकूड आहे, न्या. गुटका पार्सलनं पाठवत नाही. स्वतः घेऊन येतो. मॉलमध्ये १ तारखेपासून लागायचं आहे, त्याआधी दोन दिवस मोकळे आहेत. तिथंही सात महिन्यांनी ब्रेक आहे म्हणाले. मी विचारून घेतलं. म्हणजे पुढचं येणं जुलैत.

काल जिना बघून आलो. एक म्हाताऱ्या बाई पायरीपाशी उभ्या होत्या, पाय उचलत नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, धरून उभ्या राहा, आता सुटतोय." नम्रता बरोबर होती, ती हसली. बऱ्याच दिवसांनी घरातलं कोणी हसलं.

मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं निघतो. दोन ताटं मांडा.

कागदाच्या कडेला डाग पडला आहे. दोनदा हात धुतले होते, तरी.

आपला,
मच्छिंद्र